शिकवायला गेली होतीस की प्रचाराला?

थायलंडहून परत आल्यापासून हा प्रश्न मला दोन्हीकडून येतो. ऑफिसमधले आणि कॉलेजचे मित्र विचारतात तेव्हा त्यात थोडा संशय असतो, म्हणजे इंग्रजीच्या नावाखाली तुम्ही लोक भलतंच काहीतरी करता ना, असं. आणि मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, विचारतात तेव्हा नेमकी उलटी काळजी असते, की अगं नुसतं इंग्रजीच शिकवून आलीस का, प्रभूचं काही काम झालं की नाही, किती जणांनी विश्वास ठेवला? मला दोघांनाही एकच उत्तर द्यायचंय आणि ते उभ्या उभ्या सांगून होत नाही, दर वेळी अर्धवटच राहतं, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. लांबलं तर लांबलं.

आधी काम काय होतं ते सांगते. एका मिशन संस्थेतर्फे मी शाळेच्या एका वर्षासाठी व्हॉलंटियर म्हणून उत्तर थायलंडला गेले, चियांग माई प्रांतात. तिथल्या एका थाई मंडळीचं वसतिगृह आहे, डोंगरातल्या कॅरेन आणि लाहू या आदिवासी समाजांच्या गावांमधली मुलं तिथे राहतात कारण त्यांच्या गावात प्राथमिकच्या पुढे शाळाच नाही. ही मुलं दिवसा गावातल्या सरकारी शाळेत जातात. मीही दिवसा त्याच शाळेत इंग्रजीच्या तासांना जायचे, तिथल्या थाई मॅडमच्या जोडीने शिकवायचं, आणि संध्याकाळी मंडळीच्या हॉलमध्ये सगळ्यांसाठी फुकट इंग्रजी वर्ग. त्याला वसतिगृहाची मुलं तर यायचीच पण गावातले इतरही यायचे, गेस्ट हाऊसमध्ये काम करणाऱ्या बायका, एक-दोन ड्रायव्हर, नर्सिंगला जायचं असणाऱ्या मुली. येणाऱ्यांत बहुतेक सगळे बौद्ध. थायलंडमध्ये नव्वद टक्क्यांच्या वर लोक बौद्ध आहेत आणि ख्रिस्ती साधारण एक टक्का, त्यामुळे यात नवल काही नाही.

आता मुद्द्यावर येते. इंग्रजी वर्ग आणि सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश सांगणं, यांचं नातं काय असावं यावर तिथे, म्हणजे त्याच देशात, दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी सगळं घडून गेलंय आणि जाण्याआधी मला ते कुणी वाचायला लावलं याचा मला फार फायदा झाला. तेव्हाचं सयाम. राजपुत्र मोंगकुट त्या वेळी भिक्षू होता, बँकॉकच्या वाट बोवोन्निवेत या मठाचा प्रमुख. त्याला इंग्रजी शिकायचं होतं. 1845 च्या सुमाराला त्याने जेसी कॅसवेल नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला बोलावलं आणि दोघांत सरळ सरळ ठरलं, कॅसवेलने इंग्रजी शिकवायचं आणि त्या बदल्यात मठाच्याच आवारात त्याला एक खोली मिळेल, तिथे त्याने येईल त्याला उपदेश करायचा, पत्रकं वाटायची. विचार करा, बौद्ध मठात ख्रिस्ती उपदेशाला खोली! आणि ती मिळाली कारण काहीच लपवलेलं नव्हतं. इंग्रजीच्या तासाला इंग्रजी, उपदेशाच्या खोलीत उपदेश, आणि ज्याला नको त्याने त्या खोलीत जाऊ नये. कॅसवेल 1848 मध्ये बँकॉकलाच वारला. मोंगकुट काही ख्रिस्ती झाला नाही, पण पुढे राजा झाल्यावरही त्याने या शिक्षकाची आठवण ठेवली आणि त्याच्या विधवा बायकोला अमेरिकेत पैसे पाठवले.

याच्या पुढचा भाग पण वाचा. मोंगकुट 1851 मध्ये राजा झाला आणि त्याने राजवाड्यातल्या बायकांना इंग्रजी शिकवायला तीन मिशनऱ्यांच्या बायकांना बोलावलं, ब्रॅडली, जोन्स आणि मॅटून यांच्या पत्नी, आळीपाळीने जायच्या. तो वर्ग काही वर्षं चालला आणि बंद पडला, आणि इंग्रजीबरोबर धर्माचाच आग्रह फार व्हायला लागला हे त्याचं कारण सांगतात. 1862 मध्ये राजाने अ‍ॅना लिओनोवेन्स या शिक्षिकेला बोलावलं तेव्हा पत्रातच स्पष्ट कळवलं की इंग्रजी भाषा, विज्ञान, साहित्य हे शिकवा, धर्मांतराचं काम नको. एकच राजा, तोच मिशनऱ्यांशी मैत्री असलेला माणूस, आणि एका माणसाला तो मठात खोली देतो आणि दुसऱ्या वेळी आधीच अट घालतो. मला यातला फरक अगदी लख्ख दिसतो. पहिल्या वेळी जे चाललंय ते सांगून चाललं होतं आणि दुसऱ्या वेळी शिकायला बसलेल्या बाईला उठून जायची सोयच नव्हती, राजवाड्यातल्या बायकांनी कुठे जायचं?

म्हणून आमच्या वर्गाचे नियम मला मनापासून पटले. ते मी केलेले नाहीत, तिथल्या आचाननी केलेत (तिकडे पाळकांना आचान म्हणतात). हॉलच्या बाहेर थाईमध्ये मोठ्या अक्षरात बोर्ड होता, इंग्रजी वर्ग, फुकट, अमुक मंडळीतर्फे. वर्गात इंग्रजीच. बायबल वाचन बुधवारी वेगळं, ते थाईमध्ये, आणि ते चालवायला मी नसायचेच, तिथली माणसं चालवायची. वर्गाला येतो म्हणून कुणाला रविवारच्या उपासनेला बोलवायचं नाही, बोर्डावर वेळ लिहिलेली आहे, ज्याला यायचं तो येईल. सरकारी शाळेत तर धर्माचा विषय आपणहून अजिबात काढायचा नाही. पण कुणी विचारलं तर मात्र उत्तर टाळायचं नाही, खरं आणि पूर्ण सांगायचं. बायबलमध्ये पेत्राच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात हेच आहे ना, आशेबद्दल कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. त्यातलं 'विचारलं तर' आपण भरभर वाचून पुढे जातो असं मला आता वाटतं.

मी सुरुवातीला आचानना विचारलं होतं की इतके कडक नियम का, इथे तर धर्मस्वातंत्र्य आहे. ते म्हणाले, "तू वर्षाने विमानात बसशील. आम्ही इथेच राहणार, याच शेजाऱ्यांच्यात." हे मी कधी विसरणार नाही. परदेशी माणूस लपवाछपवी करून पकडला गेला तर त्याला फार फार तर देशाबाहेर काढतात. नेपाळमध्ये 2018 पासून लागू झालेल्या फौजदारी कायद्यात दुसऱ्याचा धर्म बदलायला लावणं हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद, आणि परदेशी माणूस असेल तर शिक्षा संपल्यावर 7 दिवसांत हकालपट्टी. चीनमध्ये परदेशी लोकांना धर्मप्रचाराला बंदी आहे. तरी अशा देशांत इंग्रजी शिक्षक म्हणून जाऊन 'आतून' काम करायच्या गोष्टी आपल्या तरुणांच्या सभांमधून फार शौर्याने सांगतात आणि मला त्याचा खरंच त्रास होतो. कारण सगळं उघडकीला आल्यावर चौकशी कुणाची होते? स्थानिक विश्वासणाऱ्यांची. त्यांना घरं आहेत, दुकानं आहेत, मुलं त्याच शाळेत जातात. परक्याच्या धाडसाची किंमत त्यांनी का द्यायची. आणि ज्या विद्यार्थ्याला आपण सत्य सांगायला निघालो त्याच्याशी पहिलीच ओळख खोट्या कारणाने करून द्यायची, हे मला शुभवर्तमानाशीच विसंगत वाटतं. तुमचं मत वेगळं असेल, मी माझं ठाम सांगतेय.

बरं आता शिकवण्याबद्दल, कारण मंडळीतल्या लोकांना हा भाग बिनमहत्त्वाचा वाटतो आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

सरकारी शाळेत एका वर्गात चाळीस मुलं. सकाळी आठला राष्ट्रगीत, झेंडा, मग बौद्ध प्रार्थना, मग तास. मुलं परीक्षेचं ग्रामर गाळलेल्या जागांत अचूक भरतात आणि काल काय केलंस विचारलं की गप्प. थाईमध्ये क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, काल म्हटलं की काल झालं, संपलं, मग क्रियापदाला अजून काय त्रास द्यायचा! अनेकवचनाचंही तसंच. त्यामुळे 'आय गो मार्केट यस्टरडे' हे त्यांच्या दृष्टीने पूर्ण आणि तर्कशुद्ध वाक्य आहे, आणि हे शिक्षकाला माहीत नसेल तर तो वर्षभर नुसता चुकांवर लाल रेघा मारत बसतो. दुसरी गोष्ट उच्चार. थाईत शब्दाच्या शेवटी मोजकेच आवाज येऊ शकतात, शेवटचा 'स' 'त' होतो आणि शेवटचा 'ल' 'न' होतो, म्हणून बस म्हणजे बत आणि फुटबॉल म्हणजे फुटबॉन. राइस आणि राइट त्यांना एकसारखेच ऐकू येतात. आणि वसतिगृहातल्या कॅरेन मुलांची गोष्ट अजून पुढची, त्यांच्या भाषेत शब्द स्वरावरच संपतात, शेवटी व्यंजन नाहीच. म्हणजे ही मुलं घरी कॅरेन, शाळेत थाई आणि तिसरी इंग्रजी, आणि थाई शिकतानाच त्यांनी शेवटच्या व्यंजनाची एक लढाई आधीच जिंकलेली असते! हे मी त्यांना सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची मुलं ताठ बसली अक्षरशः. आतापर्यंत त्यांना कुणी असं सांगितलंच नव्हतं, थाई नीट येत नाही एवढंच ऐकलेलं.

मग मी काय करायचे तर जोड्यांची कार्डं. राइस, राइट, राइड. बस, बट, बन. एका मुलाने तोंड न दाखवता म्हणायचं, दुसऱ्याने ऐकून कार्ड उचलायचं. चाळीस मुलांच्या वर्गात एकेकाला उभं करून बोलायला लावलं तर तास संपतो आणि लाजाळू मूल वर्षभर लपून राहतं, जोड्या केल्या की वीस जण एका वेळी बोलतात. गोंगाट होतो, होऊ दे. मुख्याध्यापकांना हे आधी समजावून ठेवलेलं बरं, नाहीतर त्यांना वाटतं वर्ग हाताबाहेर गेलाय. वसतिगृहातला सगळ्यात चांगला उपाय मात्र पुस्तकात नव्हता. कॅरेन मंडळ्यांमध्ये गाणं फार सुंदर, लहान मुलंसुद्धा चार आवाजांत गातात, आणि क्वायरमध्ये ओळीतलं शेवटचं व्यंजन सगळ्यांनी एकाच क्षणी सोडायचं असतं, मागेपुढे झालं की ऐकायला लगेच कळतं. त्यांचा क्वायर शिकवणारा दादा इंग्रजी गाण्यात त्या शेवटच्या 'स' आणि 'ट' वर जाम कडक होता. जे माझ्या कार्डांनी महिनाभरात झालं नसतं ते त्याने गाण्याच्या तालमीत करून घेतलं. मी नंतर वर्गातली वाक्यं पण तालावर म्हणून घ्यायला लागले.

माझ्यासारख्या, म्हणजे ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांना तिथे नोकरीसाठी टोइक किंवा आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षांचा स्कोअर दाखवावा लागतो आणि काही शाळांच्या जाहिरातीत तर नेटिव्ह स्पीकरच हवा असं लिहिलेलं असतं. त्याने खचून जाऊ नका. आपण स्वतः शाळेत इंग्रजी शिकलोय, कुठे अडतं, कुठे लाज वाटते, कोणत्या वाक्याची आधी मनात जुळवाजुळव करावी लागते हे आपल्याला आतून माहीत असतं, आणि मुलांना ते कळतं. एका मुलीने मला विचारलं होतं, टीचर, तुम्हालाही हे शिकावं लागलं? हो म्हटल्यावर तिचं बोलणंच बदललं.

तर तयारी. रोज संध्याकाळी वर्ग संपल्यावर दुसऱ्या दिवसाची तयारी करायला दीड-दोन तास जायचे आणि प्रार्थनेच्या वेळेतून ते चोरतेय का असं मला विचारणारेही होते. प्रेषित पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून राहुट्या करायचा, बायबलमध्ये प्रेषितांची कृत्ये 18 मध्ये आहे, आणि मिशनच्या जगात आपल्या पोटापाण्याच्या कामाबरोबर सेवा करणाऱ्यांना त्यावरूनच टेंटमेकर म्हणतात. मला नेहमी वाटतं, पौलाची राहुटी पहिल्याच पावसात गळली असती तर विकत घेणाऱ्याने त्याचं बाकीचं ऐकलं असतं का? तयारी न करता वर्गात उभं राहायचं, दोन गाणी आणि एक गेम घेऊन वेळ काढायचा आणि मनात म्हणायचं की खरं काम तर वेगळंच आहे, हे त्या मुलांच्या वेळेची चोरी आहे. ज्या मुलीला नर्सिंगच्या प्रवेशासाठी इंग्रजी हवंय तिच्यावरचं प्रेम म्हणजे तिला ते इंग्रजी येणं.

याच चियांग माईतली गोष्ट सांगते. डॅनियल मॅकगिलवरी नावाचा मिशनरी 1867 मध्ये तिथे आला. नान इंता म्हणून एक विद्वान माणूस त्याच्याकडे यायचा, पूर्वी भिक्षू राहिलेला, भरपूर वाद घालायचा. मॅकगिलवरीने त्याला सांगितलं की 18 ऑगस्ट 1868 ला सूर्यग्रहण होणार आणि ते का होतं हेही समजावलं. ग्रहण सांगितलेल्या दिवशी झालं. राहू सूर्याला गिळतो हे तिथेही मानायचे, त्यामुळे नान इंता हादरला, मग अजून महिने वाचन, चर्चा, आणि जानेवारी 1869 मध्ये बाप्तिस्मा. तिथल्या मिशनचा तो पहिला. (गंमत म्हणजे, हेच ग्रहण मोंगकुट राजानेही स्वतः गणित करून अचूक वर्तवलं होतं, आणि ते बघायला दक्षिणेला गेला तिथे त्याला मलेरिया झाला आणि त्यातच तो ऑक्टोबरमध्ये वारला.) या गोष्टीत लोकांना ग्रहणाचा चमत्कार आवडतो. मला आवडतं ते हे की मॅकगिलवरीचं गणित बरोबर होतं. तारीख चुकली असती तर? त्याने शिकवलेली एक गोष्ट खरी निघाली म्हणून दुसरीवर विचार करावा असं त्या माणसाला वाटलं.

आणि मॅकगिलवरी नंतर चियांग माई सोडून गेला नाही, 1911 मध्ये तिथेच वारला. नान इंताच्या बाप्तिस्म्याच्याच वर्षी, 1869 मध्ये, तिथल्या दोन नव्या ख्रिस्ती माणसांना चियांग माईच्या स्थानिक राजाच्या हुकमाने मारण्यात आलं तरी तो गेला नाही. धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा 1878 मध्ये निघाला. हे सगळं आपल्या 'किती जणांनी विश्वास ठेवला' या प्रश्नाशेजारी ठेवून बघा. प्रेस्बिटेरियन मिशन सयाममध्ये 1840 ला आलं आणि त्यांचा पहिला थाई विश्वासणारा 1859 ला, एकोणीस वर्षांनी. आणि आपण वर्षभरासाठी गेलेल्या व्हॉलंटियरला आल्या आल्या आकडा विचारतो! माझ्या वर्गातलं कुणीही ख्रिस्ती झालं नाही. हे मी अगदी शांतपणे सांगते, उपासनेत साक्ष द्यायला उभी राहिले तेव्हाही असंच सांगितलं. गेस्ट हाऊसमध्ये काम करणाऱ्या एक ताई होत्या, त्यांनी एकदा वर्ग सुटल्यावर विचारलं की पगार नसताना तू इतक्या लांब का आलीस, तेव्हा मी येशूबद्दल सांगितलं, माझ्या मोडक्यातोडक्या थाईत आणि त्यांच्या बऱ्यापैकी इंग्रजीत, आम्ही अंधार पडेपर्यंत बोललो. त्या बौद्धच आहेत. अजून लाईन या अ‍ॅपवर मेसेज करतात, इंग्रजीत, आणि भूतकाळ बरोबर वापरतात! मी त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करते आणि हे त्यांना माहीत आहे, कारण मी सांगितलंय.

थोड्या दिवसांसाठी जाणाऱ्याने अजून एक समजून घ्यायला हवं. तिथलं काम तिथल्या लोकांचं आहे. उत्तर थायलंडमधल्या कॅरेन लोकांपर्यंत सुवार्ता नेली ती मुख्यतः ब्रह्मदेशातल्या कॅरेन सुवार्तिकांनी, डोंगर पायी ओलांडून, स्वतःच्या भाषेत. वसतिगृह चालवणारं जोडपं वर्षानुवर्षं तिथे आहे, रात्री ताप आलेल्या मुलाला दवाखान्यात ते नेतात, आई-बापांशी ते बोलतात, दहावी-बारावीच्या वयात शाळा सोडायला निघालेल्या पोराच्या गावी जाऊन त्याला परत ते आणतात. आपण त्यांचा इंग्रजीचा भार काही महिने उचलतो, एवढंच, आणि तेवढं पुष्कळ आहे.

लहान मुलांच्या बाबतीत तर फारच जपायला हवं. घरापासून लांब राहणारी मुलं पटकन जीव लावतात, आणि दर वर्षी एक नवी दीदी येते, गळ्यात पडते, फोटो काढते, रडत रडत निघून जाते, हे त्यांच्यासाठी चांगलं नाही. आमच्याकडे नियम होता, मुलांच्या खोल्यांमध्ये व्हॉलंटियरने जायचं नाही, एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत थांबायचं नाही, मुलांचे चेहरे ओळखू येतील असे फोटो टाकायचे नाहीत, पैसे किंवा महागडी भेट परस्पर द्यायची नाही. मला कधी परत येणार विचारलं तर 'लवकरच' असं मी कधीच म्हटलं नाही. मार्चमध्ये वर्ष संपतं तेव्हा जाणार हे पहिल्या आठवड्यातच सांगितलेलं होतं आणि फळ्याशेजारच्या कॅलेंडरवर ते सगळ्यांना दिसायचं. माझे फोटो कमी आहेत त्यामुळे. मंडळीत प्रेझेंटेशन करताना स्क्रीनवर बोर्ड, डोंगर आणि कार्डंच होती आणि काही जणांना ते फिकं वाटलं, पण असू दे.

गुरुवंदनेचा दिवस असतो जूनमध्ये, वाय ख्रू, मुलं फुलांची सुंदर रचना करून आणतात आणि शिक्षकांपुढे गुडघ्यावर येऊन वंदन करतात. मला आधी कुणी कुणी घाबरवलं होतं की ख्रिस्ती माणसाने ते स्वीकारावं का. आचान म्हणाले की ही मुलं तुझी पूजा करत नाहीयेत, आभार मानतायत, सरळ बस आणि त्यांच्या डोळ्यांत बघ. मी तसंच केलं. सकाळच्या बौद्ध प्रार्थनेला मी हात न जोडता शांत उभी राहायचे आणि त्याचं कुणाला कधी वाईट वाटलं नाही, कारण त्यांना मी कोण आहे हे माहीत होतं. लपवणाऱ्याला मात्र रोज ठरवावं लागतं आज किती दाखवायचं.

आता ज्यांना खरंच जायचंय त्यांच्यासाठी कामाचं. थायलंडला टुरिस्ट व्हिसावर जाऊन शिकवायचं नाही, फुकट शिकवलं तरी ते कामच धरतात, व्हॉलंटियरलाही वर्क परमिट लागतं. पगारी शिक्षकासाठी नॉन-इमिग्रंट बी, व्हॉलंटियरसाठी ओ आणि मिशनरीसाठी आर असे व्हिसाचे वेगळे प्रकार आहेत, आणि परमिटवर जे काम लिहिलंय तेच करायचं. दर 90 दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवावा लागतो, ते विसरू नका, दंड होतो. जी संस्था म्हणेल की कागदपत्रांचं नंतर बघू, तुम्ही या आधी, तिला सरळ नाही म्हणा, कितीही प्रार्थनाशील माणसं असली तरी. इंग्रजी शिकवायचा अनुभव नसेल तर 120 तासांचा टेफल, म्हणजे इंग्रजी शिकवण्याचा, कोर्स करून जा, आणि शक्यतो प्रत्यक्ष वर्ग घ्यायला लावणारा. जाण्याआधी संस्थेला विचारा, मी तिथे कुणाच्या हाताखाली काम करणार, ती व्यक्ती स्थानिक आहे का, आधीच्या शिक्षकाने काय शिकवलं याची नोंद आहे का, मी गेल्यावर वर्ग कोण घेणार, आणि मुलांमध्ये काम करणाऱ्यांची पोलीस पडताळणी करता का. शेवटच्या प्रश्नावर कुणी नाराज झालं तर तिथे जाऊ नका. चियांग माईकडे फेब्रुवारी ते एप्रिल धुराचा सीझन असतो, शेतं आणि जंगल जळतं, हवा फार वाईट होते, दमा असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

तिथलं शाळेचं वर्ष मेच्या मध्यावर सुरू होतं आणि व्हिसा-परमिटला काही महिने सहज जातात, त्यामुळे पुढच्या वर्षीचा विचार असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच बोलणी सुरू करा. थाई लिपी मात्र आजपासून शिकायला घ्या. 44 व्यंजनं बघून घाबरायला होतं, पण क्रम आपल्याच क-वर्ग, च-वर्गासारखा आहे, मराठी माणसाला तो इतरांपेक्षा लवकर लागतो, आणि बाजारातली पाटी स्वतः वाचणाऱ्या टीचरशी मुलं पहिल्याच आठवड्यात बोलायला लागतात.